कोठडीतला मांडणा

मागच्या खेपेला या सदरात कौदीबद्दल लिहिलं होतं. आपल्याकडे कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ, आणि ज्या घरात सासूबाई धारवाडकडच्या, त्या घरात कौदी. त्यावर एका वाचक भगिनीनं विचारलं, "जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून जे तयार होतं त्याला तुम्ही चित्र म्हणता. पण ते चित्र कशाचं? त्यात ना फूल, ना पान, ना मोर."

प्रश्न अगदी रास्त आहे. शहरातल्या प्रदर्शनात नुसते रंगाचे पट्टे आणि रेघा बघून आपण हाच प्रश्न विचारतो. त्याला अमूर्त चित्र म्हणतात एवढं ऐकून माहीत असतं, पण मनात आपण म्हणतो, "आमच्या बाळ्यानंसुद्धा काढलं असतं!" मीही हेच म्हणत असे. माझं मत बदललं ते कुठल्या कलादालनात नव्हे. ते बदललं बदनावरला, एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी बसून. ती हकीकत आज सांगते. घरच्यांना विचारून सांगते आहे आणि नावं मुद्दाम घालत नाही.

आमची धाकटी आत्या बदनावरला दिली होती. बदनावर हे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, महू-नीमच रस्त्यावरचं. काळी जमीन, गहू आणि सोयाबीनचा मुलूख. हा भाग पूर्वी धारच्या पवारांच्या संस्थानात होता, त्यामुळे मराठी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या मराठीत जसं कन्नड न विचारता येऊन बसतं, तसं त्यांच्या मराठीत हिंदी आणि माळवी. आत्याची सून मला "ताई, पोहे घ्या ना, गरमागरम आहेत, वरून शेव टाकून देते" म्हणाली, तेव्हा मला आपल्याच घरच्या भाषेची आठवण झाली. शब्द वेगळे, पण सरमिसळ तीच.

दिवाळीचे दिवस होते. दारातल्या जमिनीवर शेणामातीचा सडा घालून, त्यावर गेरूचा हात फिरवून, वहिनी पांढऱ्या खडीनं मांडणा काढत होत्या. मांडणा म्हणजे माळव्यातली आणि राजस्थानातली रांगोळी म्हणा. पण आपली रांगोळी चिमटीतून सांडते, तर मांडणा ओला असतो. खडीच्या पाण्यात कापसाचा बोळा किंवा चिंधी बुडवायची, मुठीत दाबायची आणि बोटावरून उतरणाऱ्या धारेनं रेघ ओढायची. चौक, त्याच्या आत चौक, कडेनं त्रिकोणांची ओळ, मग जाळी. आपल्या चुक्की रंगोलीत ठिपके आधी मांडून मग रेघ त्यांना वळसे घालते. इथे ठिपके नाहीत, बाईच्या डोळ्यातलं माप तेवढं. मी विचारलं, "हे कशाचं चित्र?" वहिनी हसल्या. "कशाचं म्हणजे? मांडणा आहे."

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या भावानं पण काढलेत. आत असताना."

माझा आतेभाऊ काही वर्षं तुरुंगात होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेताच्या पाण्यावरून भांडण झालं. दोन्ही बाजूंनी काठ्या निघाल्या आणि समोरचा माणूस दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला. खटला चालला. सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. ती भोगून भाऊ घरी आला. गेलेल्या माणसाचं घर त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण त्याच्याकडे परत यायचं आहे.

खटला उभा राहून निकाल लागेपर्यंत माणूस 'कच्चा कैदी' असतो. आपल्याला वाटतं तुरुंगात सगळे शिक्षा झालेलेच असतात. तसं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतली तीन, निकालाची वाट पाहणारी कच्ची कैदी होती. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला काम करावंच लागतं. सुतारकाम, माग, शिवण, शेती, स्वयंपाक, काहीतरी. कच्च्या कैद्याला तशी सक्ती नाही. ऐकायला ही सवलत वाटते. भाऊ म्हणाला, "सकाळी गिनती, संध्याकाळी गिनती, आणि मधला वेळ भिंत."

त्या भिंतीपासून त्याचं चित्र सुरू झालं. पावसाळ्यात ओल येऊन भिंतीचा चुना सुटायचा, त्याचे पापुद्रे त्यानं गोळा केले. कोपऱ्यातल्या विटेचा तुकडा फरशीवर घासून तांबडी पूड केली. पाण्यात कालवल्यावर एक झाला खडीसारखा पांढरा, दुसरा गेरूसारखा लाल. डाळीवरची पिवळी तर्री बोटानं घेऊन बघितली, ती टिकेना. चहा टिकला. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा म्हणजे कागद, आणि टॉवेलची दोन-तीन सुतं केरसुणीच्या काडीला बांधून झाला कुंचला. पहिल्यांदा त्यानं घर काढायचा प्रयत्न केला. नंतर मुलीचा चेहरा. दोन्ही जमलं नाही. "चेहरा काढायला घेतला की हात थांबायचा," तो म्हणाला. मग एके दिवशी त्यानं नुसता चौक काढला. त्याच्या आत आणखी एक. लहानपणी आईच्या, म्हणजे आमच्या आत्याच्या, शेजारी बसून जे बघितलं होतं ते हातातून यायला लागलं. पुरुषांनी मांडणा काढायचा नसतो, असं त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि काढायलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनींनी ट्रंक उघडली. पंचवीस-तीस पुठ्ठे असतील. पहिले सरळ मांडण्यासारखे होते. पुढेपुढे त्यांतला मांडणा सुटत गेला होता. चौक एका बाजूनं उघडा राहिलेला. एक रेघ कडेपर्यंत जाऊन परत फिरलेली. एका पुठ्ठ्यावर तर सगळा तांबडा, आणि मध्ये नखाएवढा पांढरा. मी बराच वेळ बघत बसले. कशाचं आहे, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मंडळी, मराठी माणसाला तुरुंग आणि निर्मिती यांचं नातं नवं नाही. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके पुढे याच धारला येऊन राहिले. त्या टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं मंडालेच्या तुरुंगात, शिसपेन्सिलीनं. सावरकरांनी अंदमानात भिंतीवर कविता कोरल्या आणि पाठ केल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आपल्या कर्नाटकात म्हैसूरच्या रंगायणचे हुलुगप्पा कट्टीमनी यांनी बंद्यांना घेऊन नाटकं बसवली. शब्दाला फारसं सामान लागत नाही. कागद काढून घेतला तरी पाठांतर राहतं. चित्राचं तसं नाही. रंग मिळाला नाही तर चित्र नाही. तुरुंगातल्या कवितांची जेवढी आठवण आपण ठेवली तेवढी चित्रांची ठेवली नाही, याचं एक कारण हेही असेल.

पण तुरुंगात रंग नव्हते असं मात्र नाही. रंगांचे ढीग होते, लोकरीचे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातले मोठमोठे तुरुंग म्हणजे गालिच्यांचे कारखाने होते. आग्र्याच्या तुरुंगातल्या बंद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड अखंड गालिचा इंग्लंडात विंडसरच्या राजवाड्यात, वॉटर्लू दालनात गेला. आणि आपल्या दोन्ही भाषांच्या घरांना जवळची गोष्ट म्हणजे, विजापूरच्या आसार महालात आदिलशाही काळापासूनचे जुने गालिचे होते, त्यांच्या प्रतिकृती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात विणल्या गेल्या. विजापूरची नक्षी, पुण्यातले हात. त्या वेलबुट्ट्या आणि चौकटी अगदी नजर ठरणार नाही अशा.

मग ती बंद्यांची कला म्हणायची का? त्या काळच्या मागावर काम कसं चाले ते बघा. नक्षी कागदावर आधीच लिहिलेली असे. एक जण मोठ्यानं वाची, दोन लाल, एक निळा, तीन पांढरे. बाकीचे त्याप्रमाणे गाठी मारत. कुठला रंग, किती गाठी, कुठे वळायचं, हे मागावर बसलेल्यानं ठरवायचं नाही. जॉर्ज बर्डवुड या इंग्रज जाणकारानं १८८० साली हिंदुस्थानच्या कारागिरीवर पुस्तक लिहिलं, त्यात तुरुंगातल्या गालिच्यांवर कडक टीका केली. स्वस्त मजुरीचा माल बाजारात आल्यामुळे खरे विणकर देशोधडीला लागतात आणि जुनी नक्षी बिघडते, असं त्याचं म्हणणं. त्याला काळजी विणकरांची आणि नक्षीची होती. मागावर बसलेल्या बंद्याची बाजू त्यापलीकडे राहिली. एवढं सुंदर काम त्याच्या हातून होत होतं आणि त्यातली एक गाठही त्याच्या मनाची नव्हती.

भावाचे पुठ्ठे त्या गालिच्यांपुढे काहीच नाहीत. पण त्याला मी विचारलं, "तुला यातून मिळायचं काय?" तर त्यानं दिलेलं उत्तर मी त्याच्याच शब्दांत देते. "ताई, तिथे सगळं ठरलेलं असतं. उठायचं कधी, जेवायचं कधी, दिवा बंद कधी, सगळं दुसरा ठरवणार. दिवसभरात ही रेघ तेवढी मी ठरवत होतो. इथे वळवू का पुढे नेऊ. बस, एवढंच."

मला वाटतं आमच्या वाचक भगिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. फूल काढायचं म्हटलं की ते फुलासारखं झालं की नाही हे बघणारा ठरवतो. नुसती रेघ ओढायची म्हटलं की ती कुठे थांबवायची ते फक्त काढणारा ठरवतो. बाहेर आपण दिवसात शंभर गोष्टी ठरवतो, त्यामुळे त्यातलं मोल आपल्याला कळत नाही. भाजी कुठली आणायची इथपासून आपलं ठरवणं सुरू होतं. ज्याच्याकडे दिवसाला एकच गोष्ट ठरवायला उरली आहे, त्याला रेघ पुरते.

हे जगात इतरत्रही घडलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पेलिकन बे नावाचा अतिशय कडक बंदोबस्ताचा तुरुंग आहे. तिथे डॉनी जॉन्सन हा खुनाच्या गुन्ह्यातला बंदी वर्षानुवर्षं एकांतकोठडीत होता. रंग मिळायचे नाहीत. तुरुंगातल्या दुकानातून चॉकलेटच्या रंगीत गोळ्या मात्र विकत मिळत, आपल्या जेम्सच्या गोळ्यांसारख्या. त्या पाण्यात टाकून तो वरचा रंग सोडवून घ्यायचा, स्वतःच्याच केसांचा कुंचला करायचा आणि कोऱ्या पोस्टकार्डांवर अमूर्त चित्रं काढायचा. २००६ साली मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदे या गावी त्यांचं प्रदर्शन झालं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, चित्रं ५०० डॉलरला एक अशी विकली गेली. पैसे तुरुंगातल्या बंद्यांच्या मुलांसाठी द्यायचे ठरले होते. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी मात्र परवानगीशिवाय धंदा केला म्हणून त्याच्यावर कारवाई केली. दूरदेशीच्या त्या माणसाला आणि आमच्या भावाला एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण एकानं गोळ्यांचा रंग सोडवला, दुसऱ्यानं भिंतीचा चुना.

सरळ ओळखू येणारं चित्र काढायला तुरुंगात आणखी एक अडचण असते. पत्र बाहेर जाताना वाचलं जातं, तसं चित्रही बघितलं जातं. २००७ साली अटक झालेले मुंबईचे अरुण फरेरा यांनी नागपूरच्या तुरुंगात असताना बराकीची आणि तिथल्या जगण्याची रेखाटनं केली. त्या वेळच्या खटल्यांतून ते सुटले आणि २०१४ साली ही रेखाटनं त्यांच्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकात छापली गेली. (पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला.) त्या रेखाटनांतून आत काय चाललं आहे ते बघणाऱ्याला थेट कळतं. ती साक्ष असते. चौक आणि रेघा कसलीच साक्ष देत नाहीत. पण म्हणून त्या सुटतात असंही नाही. भावानं एक पुठ्ठा मुलाखतीच्या वेळी वहिनींना द्यायला घेतला, तर तिथल्या एका कर्मचाऱ्यानं तो सरळ बघितला, उलटा बघितला आणि विचारलं, "ये क्या है? नक्शा?" वहिनी पलीकडून म्हणाल्या, "साहब, मांडणा है. दिवाळी का." त्यानं पुन्हा एकदा बघितलं आणि दिला. वहिनी सांगत होत्या, "ताई, त्याच्या घरी पण काढत असतील ना."

आता थोडं सावध व्हायला हवं. अशा गोष्टी सांगताना तुरुंग म्हणजे तपश्चर्येची गुहा आणि बंदी म्हणजे ऋषी, असं लिहून जाण्याचा मोह होतो. मध्य प्रदेशातच मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा सांगत, की लहानपणी त्यांचं शाळेत लक्ष लागेना, म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला लावलं. त्या ठिपक्याचा पुढे त्यांच्या चित्रांत बिंदू झाला आणि जगभर गेला. आपल्या गोव्याच्या घराण्यातले, नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे दिल्लीला एका लहानशा जागेत एकटे राहत. कुणाकडे फारसं जाणं-येणं नाही, वर्षाकाठी मोजकीच चित्रं. पण रझांना शाळेची घंटा होती. घंटा झाली की ते भिंतीपासून उठून खेळायला पळत असणार. गायतोंड्यांच्या दाराची कडी आतून होती. एकांत निवडणं आणि एकांतात कोंडलं जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भावाचे पुठ्ठे बघून मला तुरुंगाचं कौतुक वाटलं नाही. त्या तुरुंगात एक डबा रंग आणि एक वही असती तर काय बिघडलं असतं, एवढंच वाटलं.

आणि आता ते दोन गल्ल्यांपलीकडचं घर.

मी उत्साहानं वहिनींना म्हटलं, "अहो, यातले दोन-तीन चौकटीत बसवून बैठकीत लावा. शोभून दिसतील." वहिनींनी पुठ्ठे एकावर एक रचले, वर जुना पंचा घातला आणि ट्रंक बंद केली. मग म्हणाल्या, "नाही लावणार. तिच्या घरी फोटोला हार आहे. माझ्या घरी चित्राला खिळा कशाला?"

मला काही बोलता आलं नाही. गेलेल्या माणसाची बायको कधी हळदीकुंकवाला या घरी येत नाही, आणि ती येईल अशी अपेक्षाही कुणी करत नाही. पण गल्लीतून येताजाता उघड्या दारातून बैठक दिसते. ह्यांच्या माणसानं आत बसून चित्रं काढली, छान काढली, असं गावात बोललं गेलं, तर ते तिच्या कानावर जाणारच. तिच्या माणसानं काय काढायचं?

मी पुष्कळ विचार केला. बंद्याच्या चित्राचं कौतुक करताना आपण बहुतेक वेळा असं समजतो की चित्र सुंदर आहे, म्हणजे माणूस सुधारला. वहिनींनी तसं एकदाही म्हटलं नाही. भावानंही नाही. तो म्हणाला, "जे झालं ते झालं, चित्रानं ते पुसत नाही. आणि पुसायला काढलंही नव्हतं." त्याच्या रेघांनी त्याला माणूस ठेवलं, हे खरं. त्या रेघा बघण्याची सक्ती दोन गल्ल्यांपलीकडच्या बाईवर होऊ नये, हेही तितकंच खरं. ही दोन्ही खरी एका ट्रंकेत कशी ठेवायची, ते आमच्या आठवी शिकलेल्या वहिनींना कळलं होतं. मला चौकटीचं दुकान आठवत होतं.

मग ती चित्रं वायाच गेली का? मी निघायच्या दिवशी सकाळी दारातला मांडणा पुन्हा बघितला. बाहेरचा चौक पूर्ण बंद होता, जसा सगळ्यांच्या दारात असतो. आतला मात्र एका कोपऱ्यात उघडा होता, बोटभर. घाईत राहून गेलं असं वाटून मी दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "राहिलं नाही, सोडलंय. ह्यांच्या एका पुठ्ठ्यावर तसं आहे. मला आवडलं." भाऊ ओट्यावर चहा घेत होता. त्यानं बघितलं आणि पेल्यात तोंड घातलं. चार दिवसांनी तो मांडणा पायांखाली पुसला जाणार होता. गावात कुणाला त्यात वावगं दिसणार नव्हतं, आणि त्याला कळायचं ते कळलं होतं.

परत आल्यावर वेंगुर्ला रस्त्यानं जाताना हिंडलग्याची भिंत दिसली. इतकी वर्षं ती बघते आहे. आपल्या भागात कुणाला "हिंडलग्याला पाठवीन" म्हटलं की त्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. या वेळी मात्र मनात आलं, त्या भिंतीचा आतला चुना कसा असेल? पावसाळ्यात सुटत असेल का?

वाचक भगिनी, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मी देऊ शकत नाही, पण एक करून बघा. घरातली जुनी कौदी काढा आणि ज्या आजीनं ती शिवली तिच्या दिवसाचा विचार करा. चूल, धुणं, शेण, दळण, सासरच्या माणसांच्या वेळा. यातलं तिनं स्वतः ठरवलेलं किती होतं? मग हिरव्या इरकलीच्या तुकड्याशेजारी तिनं तो जांभळा तुकडाच का लावला, ते बघा. दुसराही चालला असता. तिला जांभळा हवा होता.

आणि तुमच्यापैकी कुणाचं माणूस आत असेल, तर लाजून घरात बसू नका. मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा, वही देता येते का, खडू किंवा रंगीत पेन्सिली चालतात का. नियम जागोजागी वेगळे असतात. नाही म्हणतील, तर नाही. विचारायला काही लागत नाही. वही मिळालीच, तर त्यात काय काढलं आणि त्याचा अर्थ काय, हे मात्र त्या माणसाला विचारू नका. नुसतं बघा.